अंबरनाथची चामुंडा आणि उल्हासनगरची काळी कॅसेट

मंडळी, आजचा विषय जरा अभद्र आहे. शनिवारी सकाळी चहा घेत वाचणार असाल तर आधी चहा संपवून घ्या. भुतं, सापळे, मुंडक्यांच्या माळा, स्मशान... सगळं येणार आहे. त्यातलं बरंचसं अंबरनाथ स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

सुरुवात मात्र उल्हासनगरच्या एका कॅसेटपासून.

१९९७ साल. आम्ही बदलापूरला राहायचो, मी बारावीत होतो. त्या पावसाळ्यात बाबा गेले. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, चौदाव्या दिवशी रिकामं झालं. टेपवर दिवसभर भजनं लागायची आणि मला ती सहन व्हायची नाहीत. भजनात सगळं ठीक होतं, घरात काहीच ठीक नव्हतं. अशात एका मित्राने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या दुकानातून भरून आणलेली कॅसेट दिली. (तेव्हा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट दिली की दुकानदार हवं ते भरून द्यायचा.) वर बॉलपेनने ‘ब्लॅक सब्बाथ’ असं लिहिलेलं. स्पेलिंगची बोंब होती, पण माल अस्सल होता. आधी पाऊस, मग लांबून चर्चची घंटा, ढगांचा गडगडाट आणि मग गिटारचे ते तीन जडशीळ स्वर. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी खरं ऐकल्यासारखं वाटलं.

आत्या आतून आली. म्हणाली, “घरात एवढं झालंय आणि हे काय अभद्र लावलंयस? हे आपलं नव्हे बाबा.”

मी टेप बंद केला. पण ‘हे आपलं नव्हे’ हे वाक्य डोक्यात राहिलं ते राहिलंच. पुढे नोकरीला लागल्यावर दर सुट्टीत थोडं थोडं वाचत गेलो. आजचा लेख म्हणजे आत्याला पाव शतकापेक्षा जास्त उशिरा दिलेलं उत्तर आहे. (आत्या आता नाही. असती तरी तिने वाचलं नसतं. असो.)

कारखान्यातले काळे सूर

आधी त्या परक्यांची हकीगत. ब्लॅक सॅबथ हा बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराच्या अॅस्टन भागातला. कारखान्यांचा, कामगारांचा भाग. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्याने तारा सैल करून सूरही खाली उतरवले. हेवी मेटलचा तो जड, काळा आवाज काही अंशी या अपघाताचं बायप्रॉडक्ट आहे. पहिला अल्बम आला शुक्रवारी, १३ फेब्रुवारी १९७० ला. शेवटची मैफल झाली ५ जुलै २०२५ ला, त्याच अॅस्टनमध्ये, आणि त्यानंतर १७ दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न वारला.

आता सांगा, अंबरनाथ-बदलापूरच्या पोराला हे परकं वाटेल? अंबरनाथला १९२४ पासून काडेपेट्यांचा कारखाना होता, पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मग एमआयडीसी. आमच्या चाळीत बोट गमावलेले दोन काका होते. बाबांच्या डब्याच्या पिशवीलाही मशीन ऑइलचा वास यायचा. अॅस्टन काय आणि अंबरनाथ काय, भोंगा तोच.

पण एवढ्याने आत्याचा मुद्दा खोडला जात नाही. भोंगा एक असला तरी संस्कृती वेगळी. आपल्याकडे असलं अभद्र कोण करतं?

९६० वर्षांची भिंत

पुढच्या महाशिवरात्रीला आई म्हणाली, शिवमंदिरात जाऊन येऊ. अंबरनाथची महाशिवरात्रीची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना गर्दी सांगायला नको. दर्शनाची रांग लांबलचक होती, म्हणून आम्ही आधी देवळाला बाहेरून प्रदक्षिणा घालायला लागलो. लहानपणापासून कितीदा आलो असेन, पण भिंतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. काळ्या दगडात, उन्हात, ती उभी होती. आई थांबली. म्हणाली, “चामुंडा. नमस्कार कर.” आणि पुढे गेली.

मी तिथेच.

ज्यांना चामुंडा माहीत नाही त्यांच्यासाठी : देवीमाहात्म्यात चंड आणि मुंड या दैत्यांना मारणारी ती चामुंडा. शिल्पात तिचं रूप ठरलेलं असतं. मांस झडलेलं शरीर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, खपाटीला गेलेलं पोट, खोबणीत गेलेले डोळे, गळ्यात मुंडक्यांची माळ, पायाशी प्रेत. कुठे कुठे पोटावर विंचूसुद्धा कोरतात, भुकेची नांगी म्हणून. ज्या मुलाच्या भिंतीवर मेटल बँडची पोस्टरं लावायला बंदी होती, त्याच्या आईने त्याला सांगितलं, नमस्कार कर!

ही भिंत कधीची? देवळाच्या उत्तरेकडच्या दारावरच्या तुळईला आतल्या बाजूने एक शिलालेख आहे. त्याच्या वाचनाची गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार आवडण्यासारखी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो आधी वाचला आणि साल लावलं शके ७८२, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेखाचा नवा ठसा घेऊन वाचला. पहिला आकडा सातचा नव्हे, नवाचा निघाला! शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. एका आकड्याचा बग आणि २०० वर्षांचा फरक. गंमत म्हणजे भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली वर्षानुवर्षं काम करून तयार झालेले. चेल्याने गुरूचा कोड रिव्ह्यू केला म्हणा ना.

हा काळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचा. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. शिलालेखात मुम्मुणीचं नाव ‘माम्वाणि’ असं येतं आणि देऊळ थोरल्या छित्तराजाच्या नावाशी जोडलेलं आहे. भूमिज पद्धतीचं हे देऊळ. शिखराचा वरचा भाग आज नाही, गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. आणि बाहेरची भिंत म्हणजे मूर्तींचं रानच. डॉ. कुमुद कानिटकर यांनी ‘अंबरनाथ शिवालय’ या ग्रंथात यातल्या मूर्ती एकेक करून ओळखून दिल्या आहेत. नृत्य करणारा शिव आहे, सुरसुंदरी आहेत, गणपती आहे आणि त्यांच्याच रांगेत भैरव, महाकाली, चामुंडा, गजासुराचा वध, अंधकासुराचा वध.

गजासुराची कथा अशी की, शिवाने हत्तीच्या रूपातल्या असुराला फाडलं आणि त्याचं ओलं कातडं पांघरून नाच केला. अंधकाची तर आणखी भारी. त्याच्या रक्ताचा जो थेंब जमिनीवर पडेल त्यातून नवा अंधक उभा राहायचा. (प्रत्येक प्रोसेस स्वतःची कॉपी काढतेय आणि मशीन हँग होतंय असं डोळ्यापुढे आणा.) उपाय काय, तर थेंब जमिनीवर पडूच द्यायचा नाही. रक्त पिऊन टाकायला देवींची योजना झाली. घारापुरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यात हाच प्रसंग मोठ्या पटावर कोरलेला आहे, रक्त झेलायच्या वाडग्यासकट. म्हणजे अंबरनाथच्या कारागिरांपुढे याच खाडीपट्ट्यातली पाचशे वर्षांची परंपरा होती.

आता कळीचा मुद्दा. या मूर्ती कुठे आहेत? कुठल्या गुप्त तळघरात नाहीत. बाहेरच्या भिंतीवर, भर उजेडात, प्रदक्षिणेच्या वाटेवर आहेत. आत जाण्याआधी लेकुरवाळ्या बाईपासून राजापर्यंत प्रत्येकाने त्यांच्या समोरून जायचं. मरण हे देवळात जाण्याच्या वाटेवरच ठेवलेलं होतं.

बीभत्स हा शिवीचा शब्द नव्हता

आज आपण ‘काय बीभत्स!’ असं नाक मुरडून म्हणतो. भरताच्या नाट्यशास्त्रात बीभत्स आणि भयानक हे शृंगार-वीरांच्या पंगतीला बसलेले पूर्ण मानाचे रस आहेत. आठातले दोन! म्हणजे एक चतुर्थांश खातं अभद्राचं. जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव आणि भय हा भयानकाचा. किळस आणि भीती यांचीसुद्धा चव घेता येते, नटाने ती घ्यायला लावायची असते, हे त्या मंडळींनी थंड डोक्याने लिहून ठेवलं.

आणि हे नुसतं पुस्तकात राहिलं नाही. आठव्या शतकातला नाटककार भवभूती आपला, विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या ‘मालतीमाधव’ नाटकात प्रेमात निराश झालेला नायक रात्री स्मशानात जातो, भुताखेतांना नरमांस विकायला! जवळच चामुंडेचं देऊळ आहे (बघा, आलीच पुन्हा). तिथे अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची आकाशातून उडणारी शिष्या कपालकुंडला नायिकेचा बळी द्यायच्या तयारीत आहेत. नायक पोचतो, कापालिकाला मारतो. एखाद्या हॉरर पिक्चरची पटकथा म्हणून आजही खपेल. भवभूती म्हणजे कोणी वाया गेलेला पोरगा नव्हे, ‘उत्तररामचरित’ लिहिणारा महाकवी. करुण रस ज्याच्याकडून शिकावा तोच माणूस स्मशानही तितक्याच मन लावून लिहीत होता.

जे. जे. चे दोन विद्यार्थी

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख टेरी आपले विद्यार्थी आणि साचेकार घेऊन अंबरनाथला आले. देवळाची रेखाटनं केली, मूर्तींचे साचे घेतले, फोटो निघाले. आपल्याकडच्या देवळाचं इतक्या बारकाईने झालेलं हे अगदी सुरुवातीचं काम. मला नेहमी त्या पोरांचं कुतूहल वाटतं. वर्गात ग्रीक पुतळ्यांच्या सुडौल प्लॅस्टरवरून हात बसवायचा आणि इथे येऊन सापळ्याच्या बरगड्या कागदावर उतरवायच्या. त्यातल्या एखाद्याला रात्री झोप लागली असेल का?

त्याच जे. जे. मधून १९४५ साली एका विद्यार्थ्याला काढून टाकलं. गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा. जन्म १९२४. तो तान्हा असतानाच वडील वारले, स्वतःला लहानपणी देवी आल्या, त्यातून जगला म्हणून आईने गोंयच्या सायबाचं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव ठेवलं. १९४७ मध्ये रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्याबरोबर त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९ मध्ये लंडन गाठलं. त्याची माणसांची डोकी पाहा. कपाळात चढलेले डोळे, करवतीसारखे दात, मानेत घुसलेले बाण. त्याचं १९५९ चं ‘क्रूसिफिक्शन’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यातला येशू गोरागोमटा, शांत वगैरे नाही. काळा, काटेरी, वेदनेने पिळवटलेला आहे. पोरवयात मरण घरात पाहिलेल्या माणसाला दुसरा कसा दिसणार?

सोझाने अंबरनाथ पाहिलं होतं की नाही याच्यावर माझा मुद्दा अवलंबून नाही. एवढंच की ज्या शाळेने चामुंडेचे साचे काढले, त्याच शाळेतून असा माणूस निघाला आणि शाळेला तो पेलवला नाही.

उल्हासाचं नगर

आता परत आमच्या पट्ट्यात. उल्हासनगर हे आधी कल्याण कॅम्प, दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांना त्या बराकींत ठेवलं आणि १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं नाव झालं उल्हासनगर. नाव उल्हास नदीवरून, पण बराकींत रात्री कोणाच्या डोळ्यापुढे काय येत असेल ते त्यांनाच ठाऊक.

कराचीहून आलेलं असंच एक सिंधी कुटुंब उल्हासनगरात नाही तर मुंबईत स्थिरावलं. फतेहचंद रामसिंघानी, रेडिओच्या दुकानाचे मालक. इंग्रज गिऱ्हाइकांनी आडनावाचं केलं ‘रामसे’. सात मुलगे. १९७० मध्ये त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण पृथ्वीराज कपूर भयाण मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगाला थेटरात लोक हमखास ओरडतात, हे पोरांच्या लक्षात आलं. मग १९७२ मध्ये ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला, आणि पुढे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’. समीक्षकांनी हसायचं ते हसून घेतलं, पण गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये लोक तुडुंब येत राहिले.

मराठीत हे काम कागदावर झालं. आमच्या लायब्ररीत नारायण धारपांची पुस्तकं अशी फाटलेली असायची की शेवटची पानं कायम गायब. (यासारखी दुसरी भीती नाही!) १९२५ मध्ये जन्मलेला, बी.एस्सी. (टेक) झालेला, चारचौघांसारखा दिसणारा हा पुण्याचा गृहस्थ आयुष्यभर अमानवी शक्तींबद्दल लिहीत राहिला. २००८ साली गेला तेव्हा मोठ्या साहित्यिकांच्या यादीत त्याचं नाव घेणारे थोडेच होते. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘तुंबाड’ सिनेमा आला आणि मग सगळे विचारायला लागले, धारप म्हणजे कोण हो?

मग ‘आपलं’ म्हणजे काय?

तर आत्या, हे आपलंच आहे. भवभूतीपासून आपलं आहे, घारापुरीपासून आपलं आहे, आणि आपल्या घरापासून दोन स्टेशनं पण दूर नाही.

तरीही आत्या खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिच्या वेळेपर्यंत काहीतरी बदललेलं होतं. पूर्वी हे सगळं बाहेरच्या भिंतीवर होतं. गावाने मिळून पाहायचं, आईने मुलाला दाखवायचं, नमस्कार करून पुढे जायचं. हळूहळू आपण ते घराघरांतून उचललं आणि ‘अभद्र’ असं लेबल लावून माळ्यावर टाकलं. कॅलेंडरवरचे देव गोरे, गुटगुटीत आणि हसरे झाले. पण मरण काही माळ्यावर गेलं नाही, ते येतच राहिलं. मग बारावीतल्या पोराला ते एकट्याने, चादरीखाली, हेडफोन लावून शोधावं लागतं, आणि सापडलं की वर बोलणीही खावी लागतात. असली चित्रं काढणारे किंवा असलं संगीत करणारे बिघडलेले असतात अशी आपली समजूत. मला तर त्यातले बहुतेक कामाची माणसं दिसतात. एकाची बोटं कापली, एकाचा बाप गेला, एकाचा देश गेला, आणि अंबरनाथचा तो पाथरवट, त्याचं काय गेलं होतं ते दगडच जाणे. त्यांनी जे होतं ते झाकलं नाही, एवढंच.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. भिंत झिजतेय. नाकं गेली, हात गेले, काही चेहरे इतके गुळगुळीत झालेत की देवी की सुरसुंदरी ते कळत नाही. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे हे खरं, पण नऊशे साठ पावसाळ्यांपुढे खातं तरी काय करणार. शेजारून वालधुनी वाहते, तिच्या पाण्याबद्दल न बोललेलं बरं. म्हणून सांगतो, जायचं तर आता जा. सकाळी लवकर किंवा उन्हं तिरपी झाल्यावर, म्हणजे कोरीवकाम उठून दिसतं. गाभाऱ्याची घाई करू नका, आधी बाहेरून दोन फेऱ्या घाला.

गेल्या महिन्यात मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो. नऊ वर्षांची आहे. आईही होती, आता गुडघे दुखतात म्हणून कट्ट्यावर बसली. मुलगी चामुंडेसमोर थांबली आणि विचारलं, “बाबा, हिला कोणी जेवायला नाही का देत?”

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आईच कट्ट्यावरून म्हणाली, “नमस्कार कर गं. मग सांगते.”

घरी परत येताना बदलापूरपर्यंतच्या गाडीत आई तिला चंड-मुंडांची सगळी गोष्ट सांगत होती. काहीही न गाळता.